कप्पी

पर्वतीच्या पायऱ्या चढताना एकच होत्या.
उतरताना दोन-दोन झाल्या,
एकीवर दुसरी, जराशी तिरकी,
गवंड्याने घाईत लावल्यासारखी.
खरी कुठली हे ठरेना म्हणून
मधेच बसले, पदराने तोंड पुसलं.
शेंगावाला मुलगा म्हणाला, आजी, चक्कर आली का?
चक्कर नाही रे. पायऱ्या आल्या, जास्तीच्या.

सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात, अंधाऱ्या खोलीत
एका मुलीने माझ्या उजव्या डोळ्यापुढे लाल काच धरली.
तिचं नाव ऋजुता.
समोर एकच दिवा, म्हणाली. किती दिसतात?
दोन.
लाल वर की खाली?
खाली.
मान उजव्या खांद्याकडे कलवा.
दिवे भांडल्यासारखे लांब गेले.
आता डाव्या.
आणि लाल हळूहळू वर चढत
पांढऱ्यात शिरला.
"असंच बसता का नेहमी, काकू?"
कसं? मी तर सरळच बसले होते.

मग तिने टेबलावरचा प्लास्टिकचा डोळा उघडला, पेरूएवढा.
एकेका डोळ्याला सहा दोऱ्या असतात, म्हणाली.
रविवार पेठेत रिळांच्या दुकानात
एकतीस वर्षं जमाखर्च लिहिलेली बाई मी,
दोरीचं नाव काढताच पुढे सरकले.
चार सरळ, दोन तिरक्या.
त्यातली ही एक बघा, खोबणीच्या तळातून निघते,
नाकाच्या बाजूला हाडाला एवढीशी कप्पी आहे, कुर्चेची,
तिच्यातून ओवली जाते, मागे वळते
आणि मग बुबुळाच्या वरून जाऊन डोळ्याला धरते.
खाली, नाकाकडे पाहायचं ते हिच्या जिवावर.

म्हणजे पायरी. सुईचं नेढं.
ताटातला माशाचा काटा.
खातेवहीतली शेवटची ओळ.

हिला हलवणारी नस चौथी, सगळ्यांत बारीक.
बाकीच्या मेंदूच्या पुढून निघतात,
ही मागच्या दाराने, बाजू बदलून,
लांबचा वळसा घालत येते.
मला सासवडचा आमचा आड आठवला.
तिथेही कप्पी होती,
दोर खाली ओढायचा, घागर वर यायची.
एवढं यंत्र मी डोक्यात घेऊन हिंडत होते
आणि तेल कधी घातलं नाही.

"जुने फोटो आणा," ऋजुता म्हणाली, "लहानपणापासूनचे."

पिशवीभर नेले.
बालवाडी: मान डावीकडे.
मॅट्रिक: मान डावीकडे. शेजारी हौसा कुंभारकर, बाणासारखी सरळ.
लक्ष्मी रोडच्या स्टुडिओत फोटोग्राफरने
दोन बोटांनी हनुवटी नीट केली होती, तो वळेपर्यंत
परत डावीकडे.
बघायला आले तेव्हा आत्या म्हणाली, लाजते हो.
सासूबाई म्हणाल्या, तोऱ्यात असते.
दुकानातले म्हणायचे, बाई मन लावून ऐकतात.
मी दिवे जुळवत होते फक्त,
कुणालाच माहीत नव्हतं, मलाही.

लग्नाचा फोटो तिने जास्त वेळ पाहिला.
दिगंबर माझ्या उजवीकडे, फेटा, ताठ.
मी त्यांच्यापासून दूर झुकलेली.

खूप वर्षांनी, बत्तीसाव्या की तेहतिसाव्या,
गादीवर चादर घालताना त्यांनी विचारलं होतं,
तेव्हा तुला मी पसंत नव्हतो का गं?
मी हसले. काहीतरीच, म्हटलं.
एवढंच म्हटलं.
त्यांनी चादरीचं टोक खोचलं.

जन्मापासूनचंच आहे, ऋजुता म्हणाली.
इतकी वर्षं मानेने सांभाळून घेतलं,
आता ती दमली.
चष्म्यात लोलक बसवला, नखाएवढा जाड.
पायरी पायरीवर येऊन बसली.

घरी आले. चपला काढल्या.
भिंतीवरच्या त्यांच्यासमोर सरळ मानेने उभी राहिले.
एकच दिसले.
अहो, म्हटलं, नस होती. चौथी.
तुमचं काही नव्हतं त्यात.

बोलता बोलता मान डावीकडे गेली.